डॉक्टरांचा निरोप

तारामतीच्या उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर पडली होती, मध्येच आगीसारखी जळायची. सहा महिन्यांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी तिला बाहेर पाठवून नवऱ्याला काहीतरी सांगितलं. "शीर कामातून गेली म्हणले. उभ्यानं काम बंद," तो म्हणाला आणि त्यानं तिला काठी घेऊन दिली. तिनं अंगणवाडीतल्या नोकरीचा राजीनामा दिला. तिच्या जागी धाकट्या जावेची नेमणूक झाली. आज पुन्हा त्यांनाच दाखवल्यावर डॉक्टर वैतागले. "परकराची नाडी अजून करकचून बांधता? त्यानंच शीर दाबली जाते. सैल बांधा, दोन महिन्यांत बऱ्या व्हाल. बाईमाणसाला कसं सांगावं, म्हणून यांच्याकडे निरोप दिला होता." नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पुटपुटला, "नोकरी घरातच राहिली की." तारामती काठी त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "धाकटीला निरोप सांगा, मी बरी हाय. हा तरी जसाच्या तसा सांगा."