ताटातले तांदूळ

जयरामने अंगठी चिमटीत धरली आणि ताटातल्या तांदळावर ‘दे’ काढला.

“थांब,” नवरी म्हणाली. मेंदीचा तळहात तिने तांदळावर पालथा ठेवला. ‘दे’ त्याखाली मोडला.

नवी सून पोलंडची. दोरोता श्रोदा. लक्ष्मीपूजनाला सुनेचं नवं नाव तांदळात लिहायची मखमलाबादच्या या माळ्यांच्या घरची रीत, आणि ते नाव जयरामच्या आत्याने, यशोदाबाईंनी, सकाळीच ठरवून टाकलेलं. देवकी.

“अगं, दोरोता म्हंजे देवाचं देणं, तूच सांगितलंस ना? मग देवकीत काय वाईट हाय? तुझा देव तर ठेवलाच की आम्ही!”

“आत्या, तो अर्थ आहे. नाव दोरोता आहे.” तिचं मराठी अजून उंबऱ्यावरच होतं, पण पाय रोवून उभं होतं.

“आन् श्रोदा म्हंजे काय गं?” मागून एका बाईने विचारलं.

“बुधवार.”

घर हसून लोटपोट झालं. “अगं बाई, आडनाव का बाजाराचा वार!” “बरं झालं, अमावास्या नाय निघाली!” व्हिडिओवाल्याचा कॅमेरासुद्धा हलला. हसल्या नाहीत फक्त सासूबाई. वत्सलाबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच उघडा राहिला.

“ही बघ तुझी सासू,” यशोदाबाई म्हणाल्या. “बुधवारची जन्मली म्हणून बापानं नाव ठेवलं बुधी. माझ्या भावानं ह्याच ताटात तिची वत्सला केली. रडली का ती? इचार तिला.”

दोरोताने सासूकडे पाहिलं. विचारलं काही नाही. हातही उचलला नाही.

“आत्या, राहू दे ना,” जयराम पुटपुटला.

“तू गप. वहिनी, तुम्हीच सांगा आता तुमच्या सुनेला.”

“सांगते,” वत्सलाबाई म्हणाल्या.

त्या ताटाशी येऊन बसल्या. लेकाच्या चिमटीतली अंगठी काढून घेतली. सुनेचा हात हलकेच बाजूला केला. रोप लावण्याआधी वाफा सारखा करावा, तसे तांदूळ सारखे केले. मग अंगठी दोरोताच्या बोटांत दिली.

“तुझं तू लिही. तुमच्या अक्षरात लिही.”

“वहिनी!”

“रडले होते, वन्सं. चुलीपुढं. तुम्हाला धूर वाटला.”

दोरोता ताटावर वाकली. अंगठी तांदळातून सरसरत निघाली. वत्सलाबाई अनोळखी अक्षराचं एकेक वळण बघत राहिल्या.

“लय पसरू नको गं,” त्या हळूच म्हणाल्या. “खाली थोडी जागा ठेव, बुधीला.”