पानशेतचा शुक्रवार

बोट धक्क्यावरून सुटली तसा प्रेमलाने धाकट्या भावाचा दंड घट्ट धरला. रणजित हसला. "ताई, भिऊ नको. मी हाय की."

पन्नाशीला आली तरी ती कधी बोटीत बसली नव्हती. नवऱ्याच्या कारखान्यातल्या पाळ्या सांभाळता सांभाळता विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत वर्षं गेली. आई गेल्यापासून माहेरी तिला कुणी 'राहा' म्हटलं नव्हतं. आणि अचानक रणजितचा फोन आला. पानशेतला, पाण्याकाठी दोन-तीन दिवस राहू. तू, मी आणि पूर्णिमा. नवऱ्याला रजा नव्हती, तरी तोच म्हणाला, "जा गं. भाऊ बोलावतोय."

सकाळी भावजयीने स्वतः चहा आणून हातात दिला. मग टेकडीवर जाऊन धरणाची भिंत पाहिली, भाजलेली कणसं खाल्ली, झाडाखालच्या झोपाळ्यावर कितीतरी वेळ नुसतंच बसून झालं. पूर्णिमा सारखी विचारत होती, "वन्सं, दमला नाहीत ना?" बोटीतून उतरल्यावर प्रेमलाला पाण्यात पाय सोडायची लहर आली. तिने काढलेल्या चपला रणजितने उचलून हातात धरल्या. एवढा मोठा गाडीवाला माणूस, बहिणीच्या चपला धरून उभा. तिला भरून आलं.

"रणजित, पुढल्या खेपेला ह्यांनाही आणू."

"आणू की." रणजितने घड्याळ पाहिलं. "ताई, जेवण झालं की जरा पुण्याला जाऊन येऊ. तुझी एक सही लागतीय."

"कसली?"

"रस्त्याकडच्या आपल्या जमिनीची. तिथं कंप्युटरच्या कंपन्या यायच्यात, बिल्डर मागं लागलाय. तुझं नाव मधे राहिलंय. हक्क सोडला म्हणून लिहून दिलंस की झालं. बहिणी देत्यातच. संध्याकाळी परत इथंच येऊ, चांदण्यात बसू."

प्रेमला पाण्यात तशीच उभी राहिली. पूर्णिमा उगाच मोबाइल बघू लागली.

"आणि नाही दिलं तर?"

रणजितने पुन्हा घड्याळ पाहिलं. त्याचा चेहरा तिने नीट पाहिला. वडिलांच्या दहाव्याला ती कोपऱ्यात बसली होती, तेव्हाही तो असाच बघत होता, कुणी पाहुणी लवकर निघावी म्हणून वाट पाहावी तसा. सही दिली नाही तर माहेरचा उंबरा बंद होणार, हे तिला कळलं. दिली तर उघडा राहील, असंही काही तिला वाटेना.

"देते," ती म्हणाली. "पण उद्या देते. आजचा दिवस तेवढा राहू दे रे."

"उद्या दुसरा शनिवार, रजिस्ट्रारचं ऑफिस बंद. सोमवारी सकाळी बिल्डरला कागद द्यायचेत." त्याने चपला तिच्यासमोर वाळूत ठेवल्या. "म्हणून तर शुक्रवार धरला. चल, जेवून घेऊ."

ती जेवली नाही. गाडीत पूर्णिमाने शेंगदाण्याचा पुडा पुढे केला, तोही तसाच मांडीवर राहिला. डोणजे गाव मागे पडलं. पुढे रणजितने रेडिओ लावला.

ऑफिसात वकील आधीच येऊन थांबला होता. फोटो झाला, सह्या झाल्या, अंगठ्याला शाई लागली. टेबलामागचे साहेब रोजच्यासारखे, मान वर न करता म्हणाले, "बाई, स्वखुशीने लिहून देताय ना? कुणाची जबरदस्ती वगैरे?"

प्रेमलाने वळून भावाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"जबरदस्ती कसली साहेब," ती म्हणाली. "सकाळपासून नुसते लाड चाललेत माझे."