सीझनभर न धुतलेला मफलर

योकोहामाच्या आईस हॉकी संघाची आज हरला तर बाहेर अशी मॅच होती आणि स्वरूपा सकाळपासून रुसून बसली होती. सीझनभर मुद्दाम न धुतलेला तिचा लकी मफलर पुण्याहून आलेल्या आजोबांनी मळका समजून धुऊन टाकला होता. “आता आपण हरणार!” “अगं, मफलरच जिंकून देत असता तर गोलकीपर कशाला ठेवला असता?” जन्मभर मुलांना विज्ञान शिकवत आलेले आजोबा हसले. “पोरांनी सराव केलाय. जिंकणारच.” तिला पटलं, पण रुसवा जाईना. संध्याकाळी खेळाडू बर्फावर उतरले, तेव्हा प्रेक्षकांत तिच्या शेजारी आजोबा कुडकुडत होते. “दाइजोबु? बरे आहात ना?” म्हणत ती त्यांची कॉलर नीट करायला गेली, तर आत काहीतरी गार, ओलं हाताला लागलं. मफलर! “आजोबा, तुम्हीसुद्धा?” “गोलकीपरला तेवढीच मदत.” तिने त्याचं एक टोक ओढून स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळलं.