मापभर

नवं कोरं प्लास्टिकचं माप हातात घेऊन शेवंता गोठ्यात शिरली आणि जागीच थबकली. तिची दुभती म्हैस लक्ष्मी मान टाकून पडली होती. गव्हाणीजवळ रिकामं पातेलं होतं.

“मुळीककाकूंकडचं,” नवरा खाली मान घालून म्हणाला. “लेकीच्या लग्नात भात उरला, जिलब्या उरल्या. काल सकाळी त्यांनी एवढ्या मायेनं पाठवलं. अन्नाला नाही कसं म्हणायचं? तिनंही चाटूनपुसून खाल्लं.”

नवऱ्यानं बोलावून आणलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी म्हशीच्या कुशीला बराच वेळ नळी लावून ऐकलं. “भातानं पोट आंबलंय. औषध दिलंय, पण फार उशीर झाला, ताई.”

शेवंता दोन दिवस शिबिराला गेली होती, म्हशीला काय आणि किती घालावं ते शिकायला. भात नको, पेंडसुद्धा मोजून. तिथं शाबासकी म्हणून मिळालेलं माप अजून तिच्या हातातच होतं.

तेवढ्यात गोठ्याबाहेरून हाक आली. मुळीककाकू उभ्या होत्या. याच गोठ्यातलं दूध पिऊन त्यांची लेक लहानाची मोठी झाली होती. शेवंता लगबगीनं पुढं झाली आणि दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिली.

“अगं, आवडलं का आमच्या लक्ष्मीला?”

त्यांच्या चेहऱ्यावर अजून लग्नघरचा आनंद होता.

“हो काकू,” शेवंता म्हणाली. “सगळं खाल्लं तिनं.”

“बघ, मला वाटलंच!” काकूंनी पाठीमागचं झाकलेलं पातेलं पुढं केलं. “म्हणून उरलेलंही घेऊन आले.”

शेवंतानं माप काखेत धरलं आणि दोन्ही हातांनी पातेलं घेतलं.