सावलीत थांब

"इथे बस, मावशी. या पंख्यातून पाणी पण उडतं." भिंगरीने बाक हातानेच पुसला. "आणि हलू नकोस हं. नाहीतर तुला शोधत बसावं लागेल."

मावशी बसली. साडेअकराच वाजले होते, पण थीम पार्कच्या फरशीवर पाय ठेवू म्हटलं तर ठेववत नव्हता.

आठ दिवस ती या सहलीच्या मागे होती. दवाखान्याच्या शिलाई खोलीत ती चादरी शिवायची. उरल्यासुरल्या सुती कापडातून तिने रुंद काठाच्या चार टोप्या बेतल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या जुन्या टॉवेलांत गुंडाळल्या होत्या. मीठ-साखरेचं पाणी वेगळं. पार्कच्या नकाशावर कुठे किती वाजता सावली असेल, तेही पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

"ताई, तुम्ही लढाईला निघाल्यासारखी तयारी केलीय," सकाळी गाडीत सामान भरताना भावोजी म्हणाले होते.

"ऊन काय ओळखपाळख विचारून लागतं का?" मावशी म्हणाली.

सामान तसं बरंच होतं. पार्क झाला की तसंच पुढे डोंगरावर, थंड हवेत दोन दिवस राहायचं ठरलं होतं. मग रविवारी भिंगरीचे आईवडील, म्हणजे मावशीची धाकटी बहीण आणि भावोजी, विमानाने परत जाणार होते.

दोघं परदेशी नोकरीला गेले तेव्हा भिंगरी दहा महिन्यांची होती. दोन वर्षांची बोली होती, त्याची सात वर्षं झाली. दर उन्हाळ्यात ते तीन आठवडे यायचे, खेळणी आणायचे आणि जायचे. भिंगरीचे दात, गोवर, पाढे, सगळं मावशीच्या दोन खोल्यांत झालं. मावशीने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठे आहे? आमची भिंगरी एका जागी ठरते का?"

यंदा धाकटी आल्या आल्या मावशीने सरळच विचारलं होतं, "तिला नेणार आहात का?"

धाकटी भाजी चिरत होती. "नाही गं. तिची शाळा, मैत्रिणी सगळं इथे. आणि तुझ्याशिवाय राहील तरी का ती?"

मावशीचा जीव भांड्यात पडला. तिनेही मग तो विषय काढला नाही.

भिंगरी मात्र गेल्या दोन-तीन आठवड्यांत एकदम मोठी झाल्यासारखी वागायला लागली होती. वेणी स्वतःच घालायची, भांग वाकडा आला तरी मदत नको म्हणायची. झोपायला तिला वेगळी खाट हवी होती. मावशीला जरा लागलं ते, पण पोरं अशीच वाढतात, म्हणून तिने मनावर घेतलं नाही.

भावोजी चौकशी करून आले. "मोठ्या घसरगुंडीला दीड तासाची रांग आहे. तुम्ही नका येऊ, ताई. मागच्या वर्षी चक्कर आली होती तुम्हाला."

धाकटीने ओला रुमाल मावशीच्या मानेवर ठेवला. हात जरा वेळ तिथेच राहिला.

"आई, चल ना," भिंगरी म्हणाली. चार पावलं गेली, परत आली आणि मावशीच्या गळ्यात पडली. गाल उन्हाने तापले होते.

"टोपी काढू नकोस," मावशी म्हणाली. "आणि पाणी पी."

"हो."

एक वाजला. बाटल्यांतला बर्फ वितळून पाणी झालं. दोन वाजले. धाकटीचा फोन बंद होता. पाण्यात जाताना ठेवला असेल लॉकरमध्ये, मावशीने स्वतःची समजूत घातली.

अडीचला दोन बायका बोलत समोरून गेल्या. "लाटांच्या तलावापाशी पोरगी पडली. सात-आठ वर्षांची असेल. ऊन लागलं म्हणे."

मावशी बाटल्यांची टोपली तिथेच टाकून पळाली. प्रथमोपचाराची खोली सापडेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिने पडदा सारला. खाटेवर एक मुलगी होती, कपाळावर बर्फाची पिशवी, शेजारी तिची आई. परकी मुलगी.

मावशीने पडदा परत ओढला.

"तुमचं कोण आहे?" नर्सने विचारलं.

"माझी मुलगी सापडत नाहीये." माझी मुलगी, असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. "निळा फ्रॉक, पांढरी टोपी. आईवडील आहेत तिच्याबरोबर."

नर्स बघतच राहिली. "आईवडील बरोबर आहेत? मग हरवली कशी?"

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचाच होता.

"अगं, कुठे आहात? माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं इथे."

"ताई, आम्ही विमानतळावर आहोत." धाकटी रडत होती. मागे प्रवाशांना विमानात बसायला बोलावत होते. "तिला नेतोय आम्ही. पार्कच्या गेटवर तुझ्यासाठी गाडी सांगितलीय. उन्हात थांबू नकोस."

मावशी खाली स्टुलावर बसली.

"मला खोटं सांगितलंस ते सांगितलंस," ती म्हणाली. "पण लेकराला फसवून नेतेस? तिला कळलं की आकांत करेल ती. फोन दे तिच्याकडे. आत्ता दे."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग भिंगरीचा आवाज आला, अगदी शांत.

"मावशी, तू आईला रागावू नकोस. ती तुला सांगूया म्हणत होती. मीच नको म्हटलं. तू मला जाऊच दिलं नसतंस."