पोकळ पोटाची गिटार

"हेडफोन लावला तर बाहेर कायच ऐकू येत न्हाई?" रेणुकाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"हूं की चूं न्हाई, ताई," आनंदराज फुशारकीनं म्हणाला. लातुरात क्लासेसच्या गल्लीतच त्याचं वाद्यांचं दुकान. पोरांसोबत खोली करून राहणाऱ्या आया त्याला तोंडपाठ होत्या. सगळ्यांना शांतता हवी असते. "ही सॉलिड बॉडी, सगळं भरीव लाकूड. दार लावून वाजवली तर पोरगं आत हाय का न्हाई, पत्ता लागायचा न्हाई."

रेणुकाबाईंनी गिटार बाजूला सारली. "मग नको. ती दुसरी दाखवा."

दुसरी सेमी-अकूस्टिक, पोकळ पोटाची. स्पीकर न जोडताच ती घुमली.

त्यांच्या लेकानं, शिवमनं, त्या गिटारीकडे बघितलंही नाही. त्यानं भरीव गिटार छातीशी धरली. "आई, हीच पायजे. न्हाईतर कोणतीच नको."

"पोकळ गिटार दाराबाहेर ऐकू येईल?" बाई आनंदराजलाच विचारत होत्या.

"शेजारी भांडायला येतील!"

"येऊ द्या. दार नवीन हाय, पातळच हाय."

"जुनं काय झालं?"

"मोडलं."

शिवम खाली बघू लागला. आनंदराजला त्याची फार कीव आली. काय ही बाई! तिकडे लोहा गावातलं घरदार सोडून आली ती पोरावर पहारा ठेवायला. ही गिटार कुठली, ही तर गाईच्या गळ्यातली घंटा.

"ताई, पोराचं मन मोडू नका."

"पोकळच द्या." बाईंचा हट्ट सुटत नव्हता.

शिवमनं भरीव गिटार जागेवर ठेवली.

गिटारीसोबतचा स्पीकर जड, म्हणून आनंदराज स्वतः खोलीवर पोचवायला गेला. बाईला चार शब्द सुनवायचेच, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं.

दाराला अजून रंग नव्हता. आतून कडीही नव्हती. ते बघून तर त्याचं डोकंच फिरलं. शिवम भिंतीला टेकून तारा छेडू लागला, आणि रेणुकाबाई उंबऱ्याबाहेर मेथी निवडायला बसल्या.

"ताई, एवढा पहारा बरा न्हाई," म्हणत आनंदराजनं घाम पुसला आणि पंख्याचं बटण दाबलं.

वारा आला नाही. त्यानं वर बघितलं. छताला नुसता हूक होता.

तेवढ्यात तारा थांबल्या. शिवम फक्त सूर लावायला खुंटी पिळत होता, पण रेणुकाबाई मेथी सांडून आत धावल्या.

"वाजव रे बाळा," त्या धापा टाकत म्हणाल्या, "थांबू नको."

शिवमनं तार पुन्हा छेडली. या वेळी जोरात.