पाण्यातला रस्ता

मुलांनो, अशी कल्पना करा: बैठकीच्या खोलीत माणसाएवढी लांब काचेची टाकी आहे. आत गोडं पाणी, छोटे मासे, हिरव्या-तांबड्या वनस्पती. मधोमध एकाच जातीच्या रोपांची रांग. पुढच्या काचेशी बोटभर उंच, मग वीतभर, मागे त्याहून उंच. बघणाऱ्याला वाटावं, एक रस्ता दूरच्या टेकडीवर चढत गेलाय. दिसला? आता तो पुसून टाका.

झ्वोले शहरातल्या त्या घरात वीब्रन आजोबा शनिवारी सकाळी दाढी करून खाली आले, तेव्हा रस्ता नव्हता.

रांग होती, पण पुढून मागपर्यंत एकसारखी, बोटभर. कापलेले शेंडे पाण्यावर तरंगत होते आणि मासे भिऊन कोपऱ्यात गोळा झाले होते. त्यांची नात फ्राउके खुर्चीवर उभी होती. एका हातात लांब कात्री, दुसऱ्या हातात शाळेची पट्टी.

“आजोबा, बघा! पट्टी लावून कापलंय. बाबा कापतात त्या झुडपांच्या कुंपणापेक्षा सरळ! एक पान वर असेल तर दाखवा.”

आजोबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तसेच बसले.

काल त्यांनीच तिला कात्री दिली होती, पिवळी पानं काढायला. त्यांचा हात आता थरथरतो. टाकी हिवाळ्यात कुणाला तरी देऊन टाकायचं ठरलं होतं. त्याआधी एकदाच, शेवटचं, त्यांनी टाक्या सजवणाऱ्यांच्या क्लबाच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. परीक्षक घरी येऊन टाकी पाहतात. परीक्षक बाई आजच यायच्या होत्या.

“आजोबा... चुकलं का माझं?”

दारावरची घंटा वाजली.

परीक्षक टेर बर्ग बाई आत आल्या. कोट काढता काढता त्यांची नजर टाकीवर गेली आणि एक हात बाहीतच राहिला.

“अहो वीब्रन! रोलर फिरवलात की काय हिच्यावरून? कुणी केलं हे?”

“मी,” आजोबा म्हणाले.

फ्राउके हादरली. आजोबा खोटं बोलले होते. तिच्यासमोर.

आजोबांनी बाईंना कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. त्यांच्या स्वतःच्या हातातल्या बशीत कप खडखडत होता. बाईंनी कपाकडे पाहिलं, मग पाण्यातल्या त्या सरळ रेषेकडे.

“या हातानं? इतकं सरळ?”

“मी कापलं,” फ्राउके म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते. “त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.”

बाईंनी खुर्ची उचलली, टाकीकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

“कॉफी संपल्याशिवाय मी कुणाचीच टाकी पाहत नाही. आणि तुमची कॉफी फार गरम आहे हं.” त्यांनी मागे न बघता हात पुढे केला. “अजून एक बिस्किट द्या.”

आजोबा थक्क झाले. त्या घरात दुसरं बिस्किट आजवर कुणी मागितलं नव्हतं. पाहुण्याला एकच द्यायचं, दुसरं मागायचं नाही, अशी त्या देशातली रीत.

“नवी मुलं क्लबात नेहमी विचारतात,” बाई खिडकीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “की कापलेला शेंडा मरतो का? मरत नाही. रेतीत नीट रोवला तर मुळं धरतो.”

मग त्यांनी कॉफीवर फुंकर घातली. बराच वेळ घालत राहिल्या.

फ्राउकेने तरंगणाऱ्या शेंड्यांतला सगळ्यात लांब शोधला. बाही वर करायची तिला आठवणच राहिली नाही. तिने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि शेंडा अगदी मागच्या काचेपाशी रोवला.